पायांचे माहेरपण

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला नायगारा कसा वाटला हे विचारायचे असते. गेल्या वर्षी मी लेकीकडे कॅलिफोर्नियात, सॅन होजेला, तीन महिने राहून आले. नायगारा तिथून दोन हजार मैलांहून दूर. तेव्हा मी सरळ सांगून टाकते, "नायगारा नाही पाहिला, पायांची नखं कापून घेतली!"

निमित्त झाले माझ्या टाचांचे. पस्तीस वर्षे शाळेत उभ्याने शिकवले, त्याची पावती भेगांच्या रूपाने टाचांवर उमटलेली. लहानपणी रत्नागिरीला थंडीच्या दिवसांत आई रात्री कोकमतेलाचा गोळा दिव्यावर पातळ करून आम्हां पोरांच्या पायांना चोळी. तसाच एक गोळा मी बरोबर नेला होता. पहिल्याच रात्री लेक तो घेऊन माझ्या पायांशी येऊन बसली. मी पाय आखडते घेतले. दिवसभर नोकरीत राबून आलेल्या पोरीकडून पाय का चोळून घ्यायचे? ती काही बोलली नाही, पण तिचा चेहरा उतरला. दोन दिवसांनी म्हणाली, "माझ्याकडून नको ना? मग पैसे देऊन चोळून घे."

अशी मी त्या दुकानात पोचले. आत ऐसपैस खुर्च्यांची रांग आणि प्रत्येक खुर्चीच्या पायथ्याशी पाण्याचे कुंड. मला त्या सिंहासनावर चढवले आणि साठीची एक व्हिएतनामी बाई समोर ठेंगण्या स्टुलावर बसली. मी संकोचून अर्धी झाले. आपल्याकडे परक्याच्या पायाला हात लागतो तो नमस्कारापुरता!

बाई मात्र कामात. "साखर आहे?" तिने आधी विचारले. मी होय म्हणताच पाणी आणखी कोमट केले. नखे सरळ कापली, टाचा खरखरीत पट्टीने घासल्या. आपली वज्रीच ती, फक्त दांड्याची. टाचेला ब्लेड लावायला तिथे कायद्याने बंदी आहे. सन २००० मध्ये जवळच्याच वॉटसनव्हिल गावी एका दुकानातल्या कुंडांमुळे शंभरावर गिऱ्हाइकांच्या पायांना गळवे झाली होती. आता प्रत्येक गिऱ्हाइकामागे कुंड दहा मिनिटे जंतुनाशकात ठेवावे लागते. भिंतीवर बाईंचा सरकारी परवाना होता. त्यासाठी चारशे तासांचे शिक्षण आणि परीक्षा लागते, आणि ती परीक्षा व्हिएतनामी भाषेतही देता येते.

याचे मूळ लेकीने सांगितले. १९७५ साली सायगाव पडले आणि हजारो निर्वासित अमेरिकेत आले. सॅक्रामेंटोजवळच्या एका छावणीत टिपी हेड्रन ही हॉलिवूडची नटी मदतीला जात असे. तिची रंगवलेली नखे पाहून तिथल्या बायका हरखल्या. तिने आपली नखे करणारीच छावणीत आणली आणि वीसजणींना ती कला शिकवली. त्यांनी बहिणींना, भावजयांना, शेजारणींना शिकवली. आज अमेरिकेत या धंद्यातली निम्म्याच्या आसपास माणसे व्हिएतनामी वंशाची आहेत.

दुकानातल्या तरुण मुली बाईंना 'को' म्हणत. 'को' म्हणजे आत्या, आणि शाळेतल्या बाईंनाही तेच म्हणतात. मी शिक्षिका होते हे कळताच त्यांनीही मला 'को' करून टाकले. मग आम्हां दोघींच्या मोडक्या इंग्रजीत गप्पा जमल्या. चौदाव्या वर्षी त्या आईबरोबर होडीतून निघाल्या, मलेशियाच्या बिडाँग बेटावरच्या छावणीत राहिल्या आणि तिथून इकडे आल्या.

"तुमच्या पायांचं कोण करतं?" मी विचारले.

त्या हसल्या. "वेळ कुठे आहे? पण आईचं मी करत असे. दर रविवारी. पहिल्यांदा ती ओरडायची, पाय ओढून घ्यायची. म्हणायची, दिवसभर लोकांचे पाय धरतेस, घरी तरी विश्रांती घे." टाचेवरचा हात क्षणभर थांबला. "तिला कळायला फार दिवस लागले. लोकांचे पाय मी पैशासाठी धरत होते. तिचे माझ्यासाठी."

मी शेजारच्या खुर्चीवरच्या लेकीकडे पाहिले. ती मासिक चाळत होती. निदान तसे दाखवत तरी होती.

बिल झाले चाळीस डॉलर, वर बक्षिसी. मनातल्या मनात रुपये केले आणि छातीत धस्स झाले. पण निघताना बाईंनी माझे हात हातात घेतले, तेव्हा तो हिशेब अर्धाच राहिला.

त्या रात्री भांडी आवरून लेक दिवाणखान्यात आली, तेव्हा मी कोकमतेलाचा गोळा पातळ करून वाटीत ठेवला होता.

"टाचा आता मऊ झाल्यात, तेल चांगलं मुरेल," मी जरा खाकरून म्हटले, "पण माझा हात काही तिथवर पोचत नाही गं."

माझा हात व्यवस्थित पोचतो. तिलाही ते ठाऊक होते. ती काही न बोलता खाली बसली, आणि मी पाय पुढे केले.