एका गावाची तीन दप्तरं

सरकारी खात्यांनी माहिती एकाच साच्यात ठेवावी, या कल्पनेला माझा कित्येक वर्षं विरोध होता. चंद्रपूर-गडचिरोलीत ग्रामसभांच्या वनहक्क दाव्यांचं काम करताना तो मला स्वाभाविकच वाटायचा. दिल्लीत ठरलेल्या रकान्यांत आमचा टोला, म्हणजे गावाची लहान वस्ती, मावणार नाही, देवाची जागा तर कुठेच येणार नाही. शिवाय सगळ्यांची माहिती जोडली गेली की गावावरचा वरचा वचक वाढेल, ही भीती. खात्यांचं आपसात न जुळणं म्हणजे गावाला मिळालेलं थोडं मोकळं रान, असं मी धरून चाललो होतो. आज तसं वाटत नाही.

मत फिरलं ते दाव्यांचे कागद शेजारीशेजारी मांडून बघताना. महसूलकडे सर्व्हे नंबर, फॉरेस्टकडे कक्ष क्रमांक, पंचायतीची यादी तिसरीच. पटवाऱ्याच्या दप्तरात गावाच्या नावाला ‘चक’, ‘माल’, ‘तुकूम’ जोडलेलं असतं. दुसऱ्या कागदावर ते गळतं आणि शेजारच्या त्याच नावाच्या गावाशी घोळ होतो. रिठी गावांत तर माणूस राहत नाही, पण शिवार आहे, जंगल आहे, हद्द आहे.

गावची पोरं जीपीएस घेऊन ती हद्द चालतात. म्हातारी माणसं पुढे होऊन खुणा दाखवतात: हा मोह, हा दगडांचा ढीग, इथे नाला वळतो. ती रेघ जुन्या टोपोशीटवर चढवली की नाल्यापलीकडे जाऊन पडते. चूक पोरांची नसते. जुने नकाशे एव्हरेस्टच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पृथ्वीच्या मापावर बेतलेले, जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर. आपल्या भागात दोहोंत शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. नकाशाचा आधार कोणता, हे कागदावर नसलं की आक्षेप निघतो आणि दावा परत येतो. त्याची किंमत कुठलंच खातं मोजत नाही. मजुरी बुडवून तालुक्याला हेलपाटे घालणारा मोजतो.

झुडपी जंगल म्हणून नोंदलेल्या जमिनींनी माझी उरलीसुरली शंका घालवली. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत, आपले दोन्ही धरून, अशी ८६ हजार हेक्टरहून अधिक जमीन. महसूलच्या लेखी ती सरकारी, चराईची, निस्ताराची. तिच्यावर घरं, शाळा, कार्यालयं उभी राहिली. वन कायद्याच्या लेखी ते जंगल. अखेर २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही वनजमीनच असल्याचं सांगितलं. दोन खात्यांच्या नोंदींचा मेळ घालायला एवढा काळ जातो, आणि तोवर माणसं तिथे संसार थाटून बसलेली असतात.

वचकाचं म्हणाल, तर माहिती आधीही वर जातच होती. खाली येत नव्हती. पंचायतराज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक महसुली गावाला स्वतंत्र संकेतांक आहे. तोच सगळ्या खात्यांच्या कागदांवर यावा, नकाशाचा आधार एक असावा, नोंद कुणी कधी बदलली ते गावाला दिसावं. क्रमांक लागल्याने नाव पुसलं जात नाही. डोंगराचं, नाल्याचं, देवाचं नाव त्याच्याच सोबत ठेवता येतं.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. पुढे २०१२ च्या सुधारित नियमांनी सांगितलं की हक्क मान्य झाल्यावर अंतिम नकाशा करून महसूल आणि वन दोन्ही दप्तरांत जास्तीत जास्त तीन महिन्यांत नोंद घ्यावी. दप्तरांचा धागाच एक नसेल, तर ही नोंद घ्यायची कशी? बांबू-तेंदूचा हंगाम आला की गावाने पुन्हा हक्काचा कागद घेऊन दारोदार फिरायचं, एवढंच उरतं.

टोल्यांबद्दलचा माझा आग्रह मात्र जुनाच आहे. एटापल्ली-भामरागडकडे एका महसुली गावाचे टोले दूरदूर विखुरलेले आहेत. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याच्या २०१४ च्या राज्य नियमांनी टोल्या-पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याची वाट दिली. जनगणना मात्र महसुली गावच मोजते. त्या टोल्यांना संकेतांक द्या, आणि तो ग्रामसभेच्या ठरावावरून द्या. हे झाल्याखेरीज कुठल्याही खात्याने यादी पूर्ण झाली म्हणून सही करू नये.