उभ्या गाडीला चालक नसतो

गाडीचोरीच्या दाव्याची फाईल हातात आली की मी आधी पॉलिसीतलं चालकाचं कलम उघडते. अपघाताच्या वेळी गाडी चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स हवं, एवढंच ते कलम सांगतं. गाडी रात्री घरासमोर कुलूप लावून उभी होती आणि सकाळी जागेवर नव्हती. त्या वेळी ती चालवत कोण होतं? चोर. मग मालकाच्या लायसन्सची मुदत चार महिन्यांपूर्वी संपली होती, या कारणावर दावा फेटाळता कसा येईल? तरीही असं कारण दाखवणारी नकारपत्रं घेऊन चंद्रपूर-गडचिरोलीची माणसं माझ्याकडे येतात. त्याहून अधिक माणसं पत्र वाचून 'आपलीच चूक' म्हणत घरी बसत असणार, याचं मला जास्त वाईट वाटतं.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली नॅशनल इन्शुरन्सच्या एका अपिलात या विषयाची दिशा ठरवून दिली. खासगी वापरासाठी विमा उतरवलेली स्कॉर्पिओ भाड्याने गेली आणि प्रवाशांनीच ती हिसकावून नेली. वापराची शर्त मोडली, म्हणून कंपनी एक पैसाही द्यायला तयार नव्हती. न्यायालयाने सांगितलं, गाडी चोरीला गेली असताना शर्तभंगाचा मुद्दा गैरलागू आहे, दावा सपशेल नाकारता येणार नाही. 'नॉन-स्टँडर्ड' तत्त्वावर, म्हणजे शर्तभंगापोटी काही रक्कम कापून, ७५ टक्के रक्कम मंजूर झाली. त्या प्रकरणात शर्त खरोखर मोडलेली होती, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. उभ्या गाडीच्या मालकाचं लायसन्स संपलेलं असेल, तर माझ्या मते कुठलीच शर्त मोडलेली नसते. म्हणून अशा दाव्यात मी ७५ टक्क्यांवर थांबत नाही, पॉलिसीत लिहिलेली पूर्ण आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यासाठी ठरलेली किंमत, मागते.

याच्या उलट टोकाचा निकाल २०२१ चा आहे. जोधपूरला गेस्ट हाऊसबाहेर लावलेली नवी बोलेरो चोरीला गेली. तिची तात्पुरती नोंदणी संपलेली होती आणि कायमची नोंदणी झालेली नव्हती. मालकाला काहीच मिळालं नाही. लायसन्स माणसाचं असतं, नोंदणी गाडीची. बिगर नोंदणीची गाडी रस्त्यावर आणणं हाच पॉलिसीचा मूलभूत भंग, असं न्यायालयाने ठरवलं. लायसन्सच्या तारखेची धास्ती घेणारे लोक आरसीकडे ढुंकून बघत नाहीत, ते यामुळेच महागात पडतं.

आपल्या भागात आणखी एक गुंता आहे, बदल्यांचा. आलापल्लीच्या वनविभागातला माणूस, दुर्गापूरच्या कोळसा खाणीतला कामगार, एटापल्लीतला शिक्षक. लायसन्स यवतमाळ नाही तर वर्ध्याचं, गाडी एमएच ३४ ची आणि राहणं एमएच ३३ च्या हद्दीत. लायसन्स जुन्या पुस्तिकेचं असेल, तर त्याची नोंद 'सारथी' या लायसन्सच्या ऑनलाइन पोर्टलवर असेलच असं नाही. कंपनीचा तपासनीस क्रमांक टाकतो, नोंद सापडत नाही आणि अहवालात 'लायसन्स संशयास्पद' असा शेरा पडतो. त्यावर उपाय सोपा आहे. ज्या आरटीओने लायसन्स दिलं, तिथून नोंदीचा उतारा घ्यायचा. पॉलिसीवर जुन्या क्वार्टरचा पत्ता राहिला असेल, तर कंपनीची पत्रं तिथेच जातात. ग्राहक आयोगात जायची मुदत दोन वर्षांची, त्यातले कित्येक महिने असेच वाया जातात. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, हे त्यातल्या त्यात बरं आहे.

पोलिसांकडे मात्र त्याच दिवशी जावं. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं, कंपनीला कळवायला उशीर होतो. एफआयआर वेळेवर असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये एका ट्रॅक्टरचोरीच्या प्रकरणात सांगितलं आहे.

खरा घात होतो तो दाव्याच्या अर्जात. अनेक कंपन्यांचा अर्ज अपघात आणि चोरी दोन्हींसाठी एकच असतो. त्यात चालकाचं नाव, लायसन्स क्रमांक आणि मुदत असे रकाने असतात. अहेरीकडच्या एका शिक्षकाचं लायसन्स संपलेलं होतं. कुणीतरी सल्ला दिला आणि त्यांनी तिथे पुतण्याचं नाव टाकलं. एफआयआरमध्ये तर 'रात्री मी स्वतः गाडी आणून लावली' असं त्यांच्याच सहीनिशी लिहिलेलं. तपासनीसाने दोन्ही कागद शेजारी ठेवले. नकारपत्रात लायसन्सच्या मुदतीविषयी अक्षरही नव्हतं. कारण होतं, खोटी माहिती.

"मॅडम, पुतण्याचं लायसन चालू होतं ना, म्हणून त्याचं लिहून टाकलं," ते म्हणाले. त्यांचा हेतू पैसे लाटायचा नव्हता. गाडी खरोखर गेली होती, पोलिसांनी 'अ समरी'सुद्धा पाठवली होती, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. खरं लिहिलं असतं, तर कायदा त्यांच्या बाजूने होता. त्या एका नावामुळे २००८ च्या निकालाची धार बोथट झाली.

चोरीसाठी वेगळा अर्ज असावा, त्यात चालकाचे रकाने नसावेत आणि विमा नियामकाने हे सक्तीचं करावं, असं मला मनापासून वाटतं. तोवर मी पक्षकारांना त्या रकान्यात सरळ लिहायला लावते: गाडी उभी होती, चालक कोणी नव्हता, शेवटची मी चालवली, माझ्या लायसन्सची मुदत अमुक तारखेला संपली आहे. काहीजण हे लिहायला घाबरतात. पण अर्जावर एवढं लिहिलेलं असलं की आयोगापुढे मला पूर्ण रकमेसाठी भांडता येतं.