पंचवीस काजवे

"डॉक्टर, हिला उन्हाळी शिबिरात घालू का? तिथे म्हणे प्रयोग करायला देतात. अजून पाचच वर्षांची आहे." एप्रिल उजाडला की हा प्रश्न मला दवाखान्यात हमखास विचारला जातो. माझं उत्तर 'घाला' असंच असतं. पण त्याबरोबर शिबिराच्या ताईंना काय विचारायचं तेही मी सांगतो. ते का, हे समजण्यासाठी माझीच एक चूक तुम्हाला सांगायला हवी.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कॉलनीतल्या शिबिरात विज्ञानाचे तीन दिवस माझ्याकडे होते. बालवर्ग ते दुसरीची पंचवीस मुलं, सकाळी साडेआठ ते साडेअकरा, सोसायटीचा हॉल आणि सतरंज्या.

पहिल्या दिवशी नाडी. बोराएवढा मातीचा गोळा, त्यात खराट्याची बारीक काडी खोचायची आणि गोळा मनगटावर अंगठ्याच्या बाजूला ठेवायचा. जागा बरोबर सापडली की काडीचं टोक टुकटुक हलायला लागतं. तुम्ही घरी जरूर करून बघा. जागा सापडायला वेळ लागतो आणि तीच त्यातली गंमत आहे. एक मुलगा ओरडला, "डॉक्टरकाका, माझं हृदय हातात आलंय!" मग सगळ्यांना जागेवर उड्या मारायला लावल्या आणि पुन्हा काडी बघायला सांगितली. व्यायामाने ठोके वाढतात, हे मला शब्दांत सांगावंच लागलं नाही. नंतर फनेल आणि रबरी नळीचा स्टेथोस्कोप केला. (पॅरिसच्या लेनेक नावाच्या डॉक्टरांनी १८१६ साली पहिल्यांदा वापरला तो स्टेथोस्कोप म्हणजे कागदाची गुंडाळी होती, तेव्हा आमचा जरा बराच म्हणायचा.)

दुसऱ्या दिवशी हळद. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर साबणाचं बोट टेकवलं की लाल ठसा उमटतो, वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा होतो. साबण अल्कधर्मी असतो, लिंबू आम्ल, आणि हळद त्यांचा भेद ओळखते. हात धुतल्यावर साबण राहिला का, हे बघायला मुलं दिवसभर त्या कागदांवर बोटं टेकवत होती. हात धुण्यावर मी आजवर दिलेल्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा हे जास्त उपयोगी पडलं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

तिसऱ्या दिवशी काजवे. घड्याळाचा असतो तसा चपटा बटण सेल आणि एक छोटा एलईडी दिवा. दिव्याचे दोन पाय सेलच्या दोन बाजूंना चिमटीत धरले की दिवा लागतो, उलटे धरले तर लागत नाही. मुलं स्वतःच उलटसुलट करून शोधून काढतात. मी पंचवीस सेल मोजून वाटले. साडेअकराला परत डब्यात मोजले, तर चोवीस.

बाहेर रिक्षावाले काका हॉर्न वाजवत होते. मी दार लावून घेतलं. खिसे, दप्तरं, डबे, चपला सगळं पाहिलं. एका पाच वर्षांच्या मुलाच्या हातात नुसता दिवा होता. "सेल गिळलास का रे?" "हो." माझ्या पोटात गोळा आला. मग मी विचारलं, "आणि छत्री गिळलीस का?" तेवढ्याच गंभीरपणे, "हो."

आता मी इतका का घाबरलो ते सांगतो. गिळलेलं नाणं बहुतेक वेळा शौचावाटे निघून जातं. बटण सेलचं तसं नाही. २० मिलिमीटरचा, तीन व्होल्टचा लिथियम सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला की ओल्या अस्तरातून वीज वाहू लागते. सेलच्या ऋण बाजूला तीव्र अल्क तयार होतं आणि ते आतून भाजत जातं. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. 'संपलेला' सेलही धोकादायकच. आणि सुरुवातीला मूल अगदी हसतखेळत असू शकतं.

आईला बोलावून आम्ही त्याला एक्स-रेसाठी नेलं. वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध दिला. गाडीत त्याची आई एवढंच म्हणाली, "डॉक्टर, सेल तुम्हीच दिला होतात ना?" मी 'हो' म्हणालो. गळ्यापासून पोटापर्यंतचा एक्स-रे स्वच्छ निघाला. सेल संध्याकाळी सतरंज्या झटकताना सापडला.

तुमच्यावर अशी वेळ आली तर हे लक्षात असू द्या. सेल गिळल्याची नुसती शंका असली तरी एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात ताबडतोब जा. उलटी करवू नका, खायला-प्यायला देऊ नका. मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, नीट गिळू शकत असेल आणि बारा तास उलटले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी १० मिलिलिटर मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. मधाने इजा थोडी मंदावते, सेल निघत नाही. म्हणून मध शोधण्यात वेळ घालवू नका. कोणी पाहिलेलं नसताना मूल अचानक लाळ गाळू लागलं, जेवण नाकारू लागलं, छातीत दुखतं म्हणालं, तरीही हा विचार मनात आणा. नाकात किंवा कानात सेल गेला असेल तर थेंब टाकू नका.

शिबिराच्या ताईंना विचारा, की सुटे सेल मुलांच्या हातात देता का? छोटी शक्तिशाली लोहचुंबकं? (दोन गिळली तर आतड्यांच्या पदरांतून एकमेकांना चिकटतात.) पाण्यात फुगणारे रंगीत मणी? न फुगवलेले किंवा फुटलेले फुगे? किती मुलांमागे एक मोठं माणूस? या प्रश्नांनी त्या रागावल्या तर तेही एक उत्तरच समजा.

गेल्या वर्षी मला त्याच शिबिरात पुन्हा बोलावलं, याचं मला आश्चर्यच वाटलं. काजवे ठेवले, पण सेल स्क्रूच्या झाकणाच्या डब्यात, बाहेर फक्त बटण. आणि पहिल्या दिवशी पालकांसाठी एक प्रयोग. हळदीचा तोच कागद मिठाच्या पाण्याने ओला केला, त्यावर बटण सेल ऋण बाजू खाली करून ठेवला आणि गप्पा मारत बसलो. काही मिनिटांनी सेल उचलला. खाली साबणासारखाच लाल डाग. हॉल एकदम शांत झाला. मग एक आजी म्हणाल्या, "अहो, दिवाळीच्या त्या प्लास्टिकच्या पणत्यांमध्ये हाच असतो की. आमच्या देव्हाऱ्याखालच्या खणात बारा पडल्यात." पाठोपाठ कोणाला गाडीची रिमोटची किल्ली आठवली, कोणाला गाणारं शुभेच्छापत्र. मला आठवला माझ्या घरचा वजनकाटा. त्याचं मागचं झाकण वर्षभर सैल होतं. त्या रात्री घरी गेल्यावर आधी ते चिकटपट्टीने बंद केलं, मग जेवायला बसलो.