ती दुसरी

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषय व्हिडिओ गेमचा आहे, त्यामुळे काकू-मावशी मंडळींनी इथूनच परत फिरू नये, शेवटी घरातलंच काहीतरी निघणार आहे. :)

२०१५ मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट ५' फोनवर इंग्रजीत आला, तेव्हा मी तो डोंबिवली लोकलमध्ये उभ्याने खेळून संपवला. फोन उभा धरून एका हाताने खेळता येतो आणि दुसरा हात वरच्या कडीला. मूळ गेम १९९२ चा, जपानमधला. गोष्ट पिढ्यांची आहे. सुरुवातीला आपण वडिलांच्या मागे मागे हिंडणारं पोर असतो. मग वडील डोळ्यांदेखत मारले जातात, आपण दहा वर्षं गुलामीत काढतो, पळून सुटतो, लग्न करतो, जुळी मुलं होतात. आणि मग कळतं की वडील आयुष्यभर ज्या वीराला शोधत होते तो आपण नव्हेच, तो आपला मुलगा! मला हे फार आवडलं होतं. आपण मधली पिढी, दोन टोकांना जोडणारी.

पण हा गेम लोकांच्या लक्षात राहिला तो लग्नासाठी. एका श्रीमंत गृहस्थांकडे आपल्याला हवी असलेली ढाल आहे. त्यांची अट अशी की जो दोन अंगठ्या आणेल, एक अग्नीची आणि एक पाण्याची, त्याला धाकटी मुलगी नेरा द्यायची. दुसरी अंगठी शोधताना डोंगरातल्या एका खेड्यात आपल्याला बियांका भेटते. ही बालमैत्रीण. लहानपणी दोघांनी भुताटकीच्या किल्ल्यात रात्र काढून वाघाच्या जातीचं एक पिल्लू सोडवलेलं असतं. पुढे ते पिल्लू मोठं होऊन अंगावर येतं, तेव्हा बियांकाच्या रिबिनीच्या वासाने आपल्याला ओळखतं. आता तिची आई गेलेली, वडील आजारी, ती त्यांचं करत तिथेच राहिलेली. ती अंगठीसाठी सोबत येते आणि मग सगळेच अडचणीत येतात. गृहस्थ म्हणतात, रात्रभर विचार कर, सकाळी सांग.

मी पहिल्यांदा बियांकाला निवडलं आणि स्वतःवर खूष झालो. दुसऱ्या खेपेला नेराला निवडलं, कारण सासरा पैसेवाला आणि मंत्रही चांगले. शिवाय नेरा वाईट नाहीच. शांत, समजूतदार, आपल्याला पत्रिका जुळवून मिळाली तर आनंदच व्हावा अशी. मग सहज म्हणून त्या खेड्यात गेलो. बियांका तिथेच होती, वडिलांजवळ. मी गेम बंद केला तो पुढे उघडलाच नाही.

गंमत म्हणजे निवडीने फारसं काही बिघडत नाही. कुणाशीही लग्न करा, मुलगा वीरच होतो. बदलतो तो मुलांच्या केसांचा रंग: बियांकाची मुलं सोनेरी, नेराची निळी. याउलट १९९६ चा 'फायर एम्ब्लेम' मालिकेतला चौथा गेम. तो फक्त जपानमध्ये निघाला, मी चाहत्यांनी केलेल्या भाषांतरावर खेळलो. तिथे कुणाचं कुणाशी जमलं यावर मुलांचे गुण ठरतात, कोणतं शस्त्र वारशाने चालवता येईल तेही. खेळणारे तक्ते करून बसतात. आमचे दादा जोशीबुवांकडे पत्रिका घेऊन बसायचे ना, अगदी तसे! १९९० च्या 'फँटसी स्टार ३' मध्येही राजपुत्र दोघींतली एक निवडतो, पुढे त्याचा मुलगा दोघींतली एक निवडतो, आणि तिसऱ्या पिढीचा नायक चौघांपैकी कोण हे त्यावरून ठरतं. त्यातले दोन यंत्रमानव तिन्ही पिढ्यांची सेवा करतात आणि म्हातारे होत नाहीत. असो, भरकटलो.

तर गेल्या महिन्यात माझ्या लेकीने हा गेम सुरू केला. त्या वेळी आत्या आमच्याकडे आठ दिवस राहायला आली होती. (आत्याला विचारून लिहितोय. "नाव घालू नकोस म्हणजे झालं," म्हणाली.) लेक तिच्या शेजारी पलंगावर पाय पसरून खेळत होती. लग्नाचा प्रसंग आला तशी आत्या चष्मा लावून फोनमध्ये डोकावली. २००८ पासूनच्या आवृत्त्यांत नेराची थोरली बहीण डेबोराही पर्याय म्हणून असते, तोंडाने फटकळ, नवऱ्याला नोकर समजणारी. लेकीला तीच हवी होती. "निदान ती खरं बोलते," हे तिचं कारण.

मी बियांकाची बाजू घेतली. म्हटलं, अगं, ती बघ, वडिलांसाठी राहिली बिचारी, तू नाही म्हणालीस तर तिचं कसं होणार?

बोलून गेलो आणि जीभ चावली. आमच्या घरात आत्याची गोष्ट अशीच सांगतात. आजोबांना अर्धांगवायू झाला, ठरत आलेलं लग्न मोडलं, आत्या राहिली ती राहिलीच. पुढे सतरा वर्षं तिने त्यांचं केलं. वडिलांच्या तोंडी तिच्यासाठी 'बिचारी' हाच शब्द असायचा. मीही तोच उचलला होता.

आत्या लेकीला म्हणाली, "ह्या मुलींना कुणी विचारलंय का गं, तुम्हाला हा मुलगा हवाय का म्हणून?"

"नाही आजी. त्या नुसत्या उभ्या राहतात."

"मग काय खेळ तो!" मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते लग्न मी मोडलं होतं. अप्पांचं आजारपण नंतरचं, चार महिन्यांनी. तुझ्या वडिलांना लोकांना सांगायला बरं पडायचं, म्हणून मी बोलले नाही."

का मोडलंस, हे मी विचारलं. "नव्हता आवडला," एवढंच म्हणाली. त्यानंतर दोन स्थळं आली होती, त्यांनाही तिनेच नकार दिला, म्हणे. शाळेतली नोकरी होती, पेटीचा क्लास होता. अप्पांचं करताना कंटाळा यायचा, रडूही यायचं, ते काही नाकारलं नाही तिने. पण ते वेगळं, हे वेगळं, असं म्हणाली.

मी पन्नाशीला आलो आणि हे मला आत्ता कळतंय. वडील असते तर त्यांना विचारलं असतं, की तुम्हाला माहीत होतं की तुम्हीही खरंच तसंच समजत होता.

गेममध्ये त्या रात्री गावात हिंडता येतं. बियांका जागी असते, खिडकीशी. तिच्याशी बोललं की ती म्हणते, माझी काळजी करू नकोस, आजवर एकटीनेच निभावलंय. २०१५ मध्ये मला हे वाचून गलबलून आलं होतं. ती त्याग करतेय असं मी धरूनच चाललो होतो. परवा लेकीच्या फोनवर ते वाक्य पुन्हा वाचलं. कदाचित ती नुसतं खरं सांगत असेल.

आत्या रविवारी गेली. लेकीने अजून कुणालाच निवडलेलं नाही. तिचा सेव्ह त्या रात्रीवरच आहे. "आजी पुढच्या महिन्यात येणार आहे ना, तेव्हा बघू," म्हणते.