चॉकलेटच्या गावातला जुना बाजार

अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यात हर्शी नावाचे गाव आहे. चॉकलेटच्या कारखान्याभोवती वसलेले. हमरस्त्याचे नावच चॉकलेट अव्हेन्यू, आणि त्यावरचे दिवेही चॉकलेटच्या आकाराचे! पण दर ऑक्टोबरात लोक इथे लोटतात ते जुन्या मोटारींसाठी. १९५५ सालापासून हा मेळा भरतो आणि त्यात सुट्या भागांचा बाजार अफाट. भाचा मला हौसेने घेऊन गेला. मी पडलो पुण्याचा जुना बाजार पाहिलेला माणूस. गंजके लोखंड बघायला एवढ्या लांब कशाला, असे मनात म्हणत होतो.

तासाभरात मत बदलले. इथल्या दर्दी लोकांचा जीव अडकलेला असतो तो कारखान्याने जादा पैसे घेऊन गाडीबरोबर दिलेल्या वस्तूंत. परीक्षकही त्या सालची छापील माहितीपत्रके प्रमाण मानतात. वस्तू पत्रकात नसेल तर गुण गेलेच! १९५२ साली कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबील गाड्यांसाठी निघालेला ‘ऑट्रॉनिक आय’ पाहिला. समोरच्या गाडीचा उजेड पडताच आपले दिवे आपोआप मंद करणारा हा डोळा. (आपल्या घाटांतल्या ट्रकवाल्यांना तो सक्तीचा करावा.)

पण मी खिळलो तो एका मेजापाशी. त्यावर ‘हायवे हाय-फाय’ होता, म्हणजे चालत्या मोटारीतला ग्रामोफोन! क्रायस्लर कंपनीने १९५६ च्या गाड्यांत तो डॅशबोर्डखाली बसवून दिला. कल्पना सीबीएसच्या पीटर गोल्डमार्क यांची, एल. पी. तबकडीमागेही हेच गृहस्थ. इथली सात इंची तबकडी मिनिटाला जेमतेम १६-१७ फेरे घेई आणि एका बाजूला पाऊण तास वाजे. गोम एकच. खाचा इतक्या बारीक की ही तबकडी घरच्या यंत्रावर वाजेना, आणि घरच्या तबकड्या हिच्या यंत्रावर चालेनात. काही वर्षांतच प्रकरण गुंडाळले गेले.

मेजामागचे गृहस्थ पंचाहत्तरीचे. यंत्र वडिलांच्या प्लिमथमधले. गाडी केव्हाच भंगारात गेलेली. शेजारी एक तबकडी होती, डेव्ही क्रॉकेटच्या साहसकथांची.

“मागच्या बाकावर लोळत ऐकायचो,” ते म्हणाले. “वडील मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी न्यायचे.”

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आले. त्याची १९५६ ची प्लिमथ सजून तयार होती, अडले होते ते एवढ्याशा यंत्रासाठी. फारशी घासाघीस न होता सौदा जमला. पैसे मोजून झाल्यावर त्याने तबकडीकडे हात केला. म्हाताऱ्याने ती उचलून छातीशी धरली.

“ही विकायची नाही.”

“पण आता ती वाजवणार कशावर?”

म्हातारा गप्प झाला. त्याला हे सुचलेच नव्हते, की सुचूनही त्याने मनावर घेतले नव्हते, देव जाणे. मीही उगाच दुसरीकडे पाहू लागलो.

“तुम्ही राहता कुठे?” अखेर त्याने विचारले.

“इथून दोन तासांवर.”

“यंत्र बसले की कळवा. तबकडी घेऊन मी येईन.”

गिऱ्हाइकाने पावतीच्या पाठीवर पत्ता लिहून दिला. म्हाताऱ्याने तो दोनदा वाचला आणि कागदाची घडी तबकडीच्या वेष्टनात सरकवली.

“मागचे बाक मात्र रिकामे ठेवा,” तो म्हणाला.