उणे एक
तेरेखोलच्या खाडीकाठी, आरोंद्याला, सुटीतही मी मेंदूच्या प्रतिमांचा हिशेब घेऊन बसलो होतो. १९९० साली सेइजी ओगावा यांनी दाखवलेला रक्तातील प्राणवायूचा संकेत एकटा मुका असतो. एका स्थितीतून दुसरी वजा केली, तरच तो बोलतो. ‘वाचन उणे आकृत्या’ या वजाबाकीत डाव्या गोलार्धातील भाषेचा भाग उजळायला हवा होता. तो मंदावलेला दिसला. मी त्याचे स्पष्टीकरण लिहून काढले, आणि ते मला पटलेही! मग रकाने तपासले. संगणकाने स्थिती वर्णक्रमाने लावल्या होत्या. अधिक एक आकृत्यांवर पडला होता, उणे एक वाचनावर. भरतीलाच ओहोटी समजून मी तिची कारणे शोधत होतो. चिन्हे सुधारली. उलट्या निकालालाही मन किती सहज कारण पुरवते, ही धास्ती मात्र गेली नाही.