हार चढलेला फोटो

फोटोला हार चढणे हा मराठीत मरणाचा सौम्य उल्लेख आहे. जळगाव-धुळ्याकडे हा हार झेंडूचा असतो आणि तिसऱ्या दिवशी सुकतो. सुरतेत तो सुखडचा असतो. सुखड म्हणजे चंदन. लाकडाच्या कागदाइतक्या पातळ पट्ट्या वळवून केलेली फुले, मधे सोनेरी मणी, खाली गोंडा असे त्याचे रूप. खरे चंदन त्यात अनेकदा नावापुरतेच असते आणि वास अत्तराचा असतो. पण हा हार सुकत नाही, म्हणून बदलावा लागत नाही. एकदा घातला की वर्षाच्या दिवशी धूळ झटकायची, एवढेच काम उरते.

सुरतेच्या लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली मराठी घरे मोठ्या संख्येने आहेत. ताप्ती व्हॅली रेल्वेने भुसावळ, जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर असे करत ही माणसे उतरली आणि लूमच्या खात्यांत (कारखान्यांत), डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये लागली. घरातले कोणी गेले की त्यांना दोन ठिकाणी दोन रिती सांभाळाव्या लागतात. गावी दहावा आणि सुतक फिटल्याची गंधमुक्ती, सुरतेत बेसणे. गुजरातीत ‘बेसणुं’ म्हणजे नुसते बसणे. पांढरी चादर, मधे हार घातलेला फोटो, संध्याकाळचे दोन तास; यायचे, हात जोडायचे, थोडे बसायचे आणि उठायचे. वर्तमानपत्रातल्या त्याच्या जाहिरातीत वेळ, ठिकाण, नातलगांची नावे आणि शेवटी ‘लौकिक व्यवहार बंध राखेल छे’ ही ओळ असते. देण्याघेण्याची औपचारिकता नको, असा तिचा अर्थ. दोन पिढ्या सुरतेत काढलेल्या मराठी घरांतही ती ओळ आता सवयीची झाली आहे. गंधमुक्तीच्या पत्रिकेत मात्र ती बसत नाही. तिथे लौकिक व्यवहार हाच निम्मा कार्यक्रम असतो.

घरचे मरण असे बसून निभावले जाते. नामवंतांच्या मरणाला बेसणे नसते. ते पोचते ते आधी शाळेत, मग रेडिओवर, मग चौकातल्या फलकावर आणि शेवटी फोनमध्ये. आणि प्रत्येक वयात त्याचा अर्थ निराळा लागतो. सत्तरच्या दशकात लिंबायतला स्थिरावलेल्या कुटुंबातला, महापालिकेच्या मराठी शाळेत जाणारा मुलगा डोळ्यांपुढे आणला तर हा प्रवास नीट दिसतो. 31 ऑक्टोबर 1984 ला इंदिरा गांधी गेल्या, तेव्हा दहा वर्षांच्या मुलाला मरणातून दोन गोष्टी कळल्या. एक, शाळेला सुटी मिळते. दुसरी, दोन मिनिटे डोळे मिटून उभे राहिले की नेमके तेव्हाच हसू येते.

पुढच्या वर्षी, 6 नोव्हेंबर 1985 ला, संजीव कुमार गेले. हे मरण सुरतेचे घरचे होते. हरिभाई जरीवाला हे त्यांचे मूळ नाव आणि 9 जुलै 1938 चा त्यांचा जन्म सुरतेचा. आडनावातच इथला धंदा आहे; सुरतेची जर महाराष्ट्रातल्या कित्येक साड्यांच्या काठांत असते. ‘दस्तक’ आणि ‘कोशिश’ या चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, पण खात्यातल्या कारीगरांसाठी ते ‘शोले’चे ठाकूर होते. वय अवघे 47. केस पांढरे करून म्हाताऱ्यांच्या भूमिका करण्यात ज्याची हयात गेली, त्याला स्वतःला म्हातारपण मिळाले नाही.

नटाचे मरण इतर मरणांसारखे एका दिवशी आटोपत नाही. संजीव कुमारांचे चित्रपट ते गेल्यानंतरही येत राहिले; ‘प्रोफेसर की पडोसन’ तर 1993 मध्ये आला. सर्वांत विलक्षण कथा ‘लव्ह अँड गॉड’ची. के. आसिफ यांनी तो गुरुदत्तना घेऊन सुरू केला. 1964 मध्ये गुरुदत्त गेले. मग संजीव कुमार आले. 1971 मध्ये आसिफ गेले आणि चित्रपट अर्धाच राहिला. तो पडद्यावर आला 1986 मध्ये, तेव्हा पहिला नायक, दिग्दर्शक आणि दुसरा नायक यांपैकी कोणीही हयात नव्हते. अशा चित्रपटाला श्रद्धांजली म्हणावे की उरकलेले काम, हे ठरवणे अवघड आहे. आज अडाजण-पालकडे महापालिकेचे संजीव कुमार ऑडिटोरियम आहे. तिथे नाटकाला जाणारा तरुण नाव ‘ऑडिटोरियम’सकट एका दमात उच्चारतो, आणि त्या नावाचा माणूस होता हे त्याला कधीतरी टीव्हीवर ‘शोले’ लागला म्हणजे आठवते.

सुरतेला नामवंतांच्या मरणाची सवय जुनी आहे. कतारगाम दरवाजाजवळ इंग्रजांचे कबरस्तान आहे. खानदेशी मुलाला ते पाहायला नेणारे सहसा कोणी भेटत नाही, खरे तर न्यायला हवे. 1659 मध्ये ख्रिस्टोफर ऑक्झेंडन हा इंग्रज वखारीतला माणूस मेला आणि त्याच्यावर घुमटी उभी राहिली. त्याचा भाऊ जॉर्ज हा वखारीचा प्रमुख. जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा वखार लढवणारा तो हाच जॉर्ज ऑक्झेंडन. 1669 मध्ये तो गेला आणि भावाच्या कबरीला सामावून घेत त्याच्यासाठी त्याहून मोठी, दुमजली, खांबांची, घुमटाची इमारत झाली. धर्म ख्रिस्ती, घाट मुसलमानी मकबऱ्याचा, गाव गुजरातेतले. डच मागे कसे राहणार? डच कंपनीचा अधिकारी हेन्ड्रिक व्हान रेडे 1691 मध्ये निवर्तला, आणि डच कबरस्तानात त्याच्यावर तितकाच भव्य घुमट चढला. इंग्रजांवर कडी करण्यासाठी तो बांधला, असे सांगतात. मलबारच्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा ‘होर्तुस मलाबारिकुस’ त्याने करवून घेतला होता. आता घुमट पुरातत्त्व खात्याकडे आहे, आणि वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकाला त्याचे नाव कळते ते त्या ग्रंथावरून. घुमट पाहून तो नाव विचारत नाही.

मराठी माणसाची सुरतेतली सर्वांत सुंदर आठवण मात्र दगडाची नाही. 1844 मध्ये दुर्गाराम मेहताजींनी इथे मानवधर्म सभा काढली. जातिभेद आणि मंत्रतंत्राच्या भोंदूपणाविरुद्ध तिथे उघड चर्चा चाले, आणि त्या मंडळींत दादोबा पांडुरंग तर्खडकर होते. मराठी व्याकरण लिहिणारा माणूस सुरतेत शिक्षक असताना गुजराती सुधारकांच्या बैठकीत बसत होता, ही गोष्ट सुरतेतल्या मराठी घरांत कोणी सांगत नाही. लूट सगळे सांगतात.

त्याच शहरात 1833 मध्ये कवी नर्मद जन्मले आणि 1886 मध्ये मुंबईत वारले. माणूस जाण्याआधीच आपल्या आठवणीची सोय कशी लावतो, याचा हा नमुना. ‘मारी हकीकत’ हे आत्मचरित्र त्यांनी 1866 मध्ये लिहिले, मोजक्या प्रती छापल्या आणि बाकीच्यांना थांबायला लावले. ते सर्वांच्या हाती आले 1933 मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी. आमलीरानमधले त्यांचे घर महापालिकेने दुरुस्त करून जपले आहे. पण नर्मदांचा खरा वावर वेगळ्याच कागदावर आहे. दक्षिण गुजरात विद्यापीठाला 2004 मध्ये त्यांचे नाव मिळाले. ताप्ती लाइनच्या दुसऱ्या टोकाला, जळगावात, 1990 मध्ये निघालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला 2018 मध्ये बहिणाबाई चौधरींचे नाव दिले गेले. म्हणजे उधन्यात शिकलेल्या मुलीच्या गुणपत्रिकेवर एक कवी असतो आणि तिच्या जळगावच्या मामेबहिणीच्या गुणपत्रिकेवर एक कवयित्री. एकाच रेल्वेमार्गाच्या दोन टोकांना दोन कवी, ही जुळणी कोणी ठरवून केलेली नाही. बहिणाबाई 3 डिसेंबर 1951 ला गेल्या तेव्हा त्यांचे एकही पुस्तक नव्हते. मुलगा सोपानदेव यांनी कविता आचार्य अत्र्यांना दाखवल्या आणि 1952 मध्ये संग्रह निघाला. नामवंत म्हणून त्यांच्यावर मृत्युलेख लिहिण्याची वेळच आली नाही, कारण आधी त्या गेल्या आणि नाव नंतर आले.

आठवण ठेवणाऱ्यांवरही मरणाची पाळी येते. 1863 पासून निघणाऱ्या ‘गुजरातमित्र’ने सुरतेची कित्येक मरणे छापली. त्याच दैनिकात हयात काढलेले लेखक भगवतीकुमार शर्मा 5 सप्टेंबर 2018 ला गेले. ‘असूर्यलोक’ ही पिढ्यान्‌पिढ्यांच्या अंधत्वाची कादंबरी त्यांचीच. 1988 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला होता.

ऑगस्ट 2006 च्या तापीच्या पुरात भिंतीवरच्या फोटोंचे काय होते, हे शहराने पाहिले. उकाई धरणातून सोडलेले पाणी घराघरांत शिरले. ते ओसरल्यावर काचेच्या आत गाळाची रेघ राहिली. आजोबांचा चेहरा अर्धा धुऊन गेला तरी सुखडचा हार बऱ्याच ठिकाणी शाबूत होता. तो काढून, वाळवून, नव्या फोटोला घातला गेला.

एप्रिल 2021 मध्ये, कोरोनाच्या लाटेत, या सगळ्या रितीच कोलमडल्या. सुरतेच्या स्मशानांत गॅसच्या भट्ट्या रात्रंदिवस पेटत्या राहिल्याने लोखंडी जाळ्या आणि धुराडी वितळू लागली, पालचे कित्येक वर्षे बंद असलेले स्मशान उघडावे लागले. गुजराती दैनिकांतली श्रद्धांजलीची पाने वाढत गेली आणि जाहिरातीत नवा शब्द आला, ‘टेलिफोनिक बेसणुं’. दोन तासांची वेळ तीच, फक्त खाली फोन नंबर. त्या महिन्यात कोणी मोठे गेले तरी ती बातमी नुसत्या रांगेतली एक होती. खानदेशी घरांतून गावी गंधमुक्तीला जाणेही थांबले. ज्यांचा दहावा मोबाइलवर पाहिला, त्यांच्या फोटोला हार दुकाने उघडल्यावर चढला.

लता मंगेशकर 6 फेब्रुवारी 2022 ला, रविवारी, गेल्या. 92 वर्षांच्या होत्या. दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा होता. लिंबायतमधल्या ज्या माणसाने शाळेत डोळे मिटून हसू दाबले होते, तो आता पन्नाशीला टेकलेला. या वयात नामवंतांच्या मरणाचे गणित सोपे होते: गेलेल्याचे वय वजा आपले वय. लतादीदींच्या बाबतीत मात्र वजाबाकी सुचत नाही, कारण त्या आवाजाला वय नव्हते. खात्यात लूमच्या खडखडाटात गाणे ऐकू येत नाही, पण पाळी सुटल्यावर चहाच्या गाडीवर तो आवाज तीस-चाळीस वर्षे सतत होता.

सुरतेतल्या खानदेशी माणसाला लतादीदींवर एक जास्तीचा हक्क आहे, आणि तो बहुतेकांना ठाऊक नसतो. त्यांची आई शेवंती थाळनेरची, म्हणजे शिरपूर तालुक्यातली. आईचे वडील हरिदास रामदास लाड हे थाळनेरचे गुजराती सावकार-जमीनदार. आजीकडून लतादीदी पावागडचे गरबे शिकल्या. थाळनेर तापीच्या काठी आहे. तेच पाणी खाली प्रकाशा या दक्षिण काशीवरून, जिथे खानदेशातली माणसे अस्थी सोडतात, उकाईच्या जलाशयात येते, तिथून काकरापारला आणि मग सुरतेच्या अश्विनीकुमार घाटाखालून समुद्राकडे जाते. मराठी बापाच्या लतादीदींचे गुजराती आजोळ ज्या नदीवर होते, तिच्याच दुसऱ्या टोकाला मराठी घर आणि गुजराती गाव अशी माणसे राहतात. त्यांना लतादीदींचा गोव्यातल्या मंगेशीचा वारसा ऐकून माहीत असतो. थाळनेर मात्र त्यांनी एसटीच्या पाटीवर वाचलेले असते.

लतादीदी गेल्या त्या आठवड्यात श्रद्धांजलीचे फलक सगळीकडे लागले. फ्लेक्सची रचना महाराष्ट्रात आणि सुरतेत सारखीच आहे. मधे गेलेल्या माणसाचा चेहरा, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली शोकाकुलांची रांग. निवडणूक जवळ असली की रांग वाढते आणि मधला चेहरा लहान होतो.

9 ऑक्टोबर 2024 च्या रात्री रतन टाटा गेले, तेव्हा नवरात्र सुरू होते. टाटांचे मूळ घर सुरतेपासून जवळच. जमशेदजी 1839 मध्ये नवसारीला जन्मले. सुरतेत रतन टाटांचे हजारो अमेरिकन डायमंड जडवलेले चित्र तयार झाले. जगातले बहुतेक हिरे जिथे पैलू पाडून निघतात, तिथे आठवण खोट्या हिऱ्यांची झाली. यात उपहास नाही. खरे हिरे मालकाचे असतात, कारीगराचे नसतात.

20 मे 2025 ला पुण्यात जयंत नारळीकर गेले, तेव्हा लिंबायतमध्ये फलक लागला नाही. बातमी फोनवर आली. मराठी शाळेच्या वाचनालयात कधी ‘यक्षांची देणगी’ हाती पडले असेल, त्या पिढीतल्या माणसाने ती पुढे पाठवली. त्याच्या मुलाने ती गुजरातीत वाचली, ‘खगोळशास्त्री’ एवढा शब्द पाहिला आणि नारळीकर मराठी होते का असे विचारले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात लिंबायतच्या चाळींत पत्र्यांवर ताडपत्री चढवतात. जुने फ्लेक्स याच कामाला येतात; ते मजबूत असतात आणि फुकट मिळतात. छापील बाजू वर ठेवली तर उन्हापावसात रंग उतरून आत ठिबकतो, म्हणून ती खाली करतात. पत्रा फुटका असला तर खाटेवर पडल्यापडल्या वर पाहणाऱ्याला फटीतून एखादे अक्षर, पांढऱ्या साडीचा काठ किंवा हाराची कडा दिसते. पावसाळा संपला की फ्लेक्स काढून गुंडाळतात, आणि पुढच्या वर्षी तसाच अंथरतात.